इंग्रजी कितवी भाषा? चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्राथमिक शाळांचा एक भाषिक इतिहास

जून २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकवला जाऊ लागला, आणि तोवर पाचवीच्या उंबरठ्यावर भेटणारी ही भाषा मुळाक्षरांच्या शेजारी येऊन बसली. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या या निर्णयावर साहित्यिक, शिक्षणतज्ज्ञ आणि पालक यांच्यात जो वाद झडला, त्यात एका बाजूचे म्हणणे असे होते की मातृभाषेचा पाया पक्का होण्याआधी परकी भाषा लादल्यास मूल दोन्हींत कच्चे राहते. तर दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की शहरी सधन घरांना मिळणारे इंग्रजी बहुजनांच्या मुलांना पाचवीपर्यंत नाकारणे हा अन्याय होय. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. मात्र दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती, ती म्हणजे मूल घरून मराठी घेऊन शाळेत येते. आणि राज्याच्या पूर्व टोकाला, भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत हे गृहीतच लागू पडत नव्हते.

वादाचे मूळ जुने आहे. मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात १८४० च्या दशकात अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी देशी भाषांचा पक्ष घेतला होता. त्या काळी चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून होणारा मुलूख, बहुतांशी नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात असल्यामुळे मुंबईच्या वादाची झळ त्याला लागली नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्याच वर्षी लंडनहून आलेल्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, सर्वसामान्यांना देशी भाषेतून आणि वरच्या वर्गांना इंग्रजीतून शिकवावे अशी विभागणी घालून दिली. चांद्याच्या रानात ‘देशी भाषा’ कोणती, हा प्रश्न खलित्याने विचारला नव्हता. भोसल्यांच्या कारभाराची आणि जमाखर्चाची भाषा मराठी असल्याने तीच शाळेचीही झाली. फक्त दक्षिणेकडील सिरोंचा भागात, जो निजामाकडून १८६० मध्ये इंग्रजांकडे आला आणि १८७४ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला, तेलुगूचा वावर नाकारण्याजोगा नव्हता. गोंडी आणि तिची जंगलातली बोली माडिया या दोन्ही सरकारी हिशेबात अभ्यासाचा विषय राहिल्या, शिक्षणाचे साधन झाल्या नाहीत. नागपुरात १८४६ मध्ये शाळा काढणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने गोंडी शब्द आणि गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची कथा टिपून ठेवली होती व त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे जी शाळा नागपुरात इंग्रजी विद्या रुजवत होती, तिच्याच चालकाच्या वह्यांत गोंडी कागदावर आली, पण त्या वह्यांतून ती गावच्या शाळेत काही पोचली नाही.

या भूभागाची भाषिक घडण एका शब्दावरून उलगडते. मराठी पुस्तकातील पाण्याच्या चित्रावर बोट ठेवले असता धानोऱ्याकडील गोंड मूल ‘येर’ म्हणेल, सिरोंच्यातील मूल ‘नीळ्ळु’ म्हणेल, पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या आणि मुलचेरा-चामोर्शी भागात वसवलेल्या कुटुंबांतील मूल ‘जल’ म्हणेल आणि कोरची-कुरखेड्याकडील छत्तीसगडी घरातील मूल ‘पानी’. गुरुजींना यांपैकी शेवटचाच शब्द आपला वाटतो. २००० नंतर त्याच चित्राखाली ‘वॉटर’ आले. एकट्या छत्तीसगडी मुलाला मराठी शब्द जवळचा होता. बाकीच्यांना ‘पाणी’ आणि ‘वॉटर’ हे दोन्ही शब्द शाळेतच पाठ करावे लागणार होते.

गोंडीतून शिकवण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न ज्या जिल्ह्यात झाला, त्याचा एक तुकडा आज चंद्रपुरात आहे. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने हैदराबाद संस्थानाने १९४३ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडले. तिथे थोडेबहुत लिहिता-वाचता येणाऱ्या गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्यात आले आणि मुलांसाठी गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत छापण्यात आले. संस्थानची राजभाषा उर्दू, जिल्ह्याच्या बऱ्याच भागाची भाषा तेलुगू, आणि तरीही देवनागरी निवडली गेली, कारण बाजारहाटासाठी तिथल्या गोंडांना मराठी सर्वांत परिचयाची होती आणि एकदा अक्षरे हातात आल्यावर गोंडीवरून मराठीकडे जाणे सोपे पडणार होते. घरची भाषा आधी, व्यवहाराची भाषा तिच्या खांद्यावर आणि राज्याची भाषा त्यानंतर, हा क्रम नंतरच्या कोणत्याही समितीच्या अहवालाइतकाच शास्त्रशुद्ध होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादचा राजुरा तालुका मराठी मुलखात आला व पुढे चांदा जिल्ह्याला जोडला गेला. तालुका आला, मारलवाईचा धडा मात्र सीमेपलीकडेच राहिला.

चांदा जिल्ह्याच्या वायव्येस, वर्ध्याला, त्याआधी १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत शिक्षण सुचवले आणि झाकिर हुसेन समितीने आखलेल्या या मूलोद्योगी अभ्यासक्रमात इंग्रजीला जागा ठेवली नाही; पण वर्ध्याच्या चर्चेतही या रानापुरती मातृभाषा म्हणजे मराठी अथवा हिंदी हेच समीकरण कायम होते. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क जोडला आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकवण्याच्या पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. सिरोंच्यातील तेलुगूच्या मागे शेजारचे एक अख्खे राज्य उभे होते. गोंडीच्या मागे राज्य नव्हते. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली ही भाषा अनेक राज्यांच्या कडांवर विखुरलेली आहे व राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही.

आश्रमशाळांनी, म्हणजे आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांनी, हा प्रश्न अधिक टोकदार केला, कारण तिथे मूल शाळा सुटल्यावरही घरच्या भाषेत परतत नाही. हेमलकसा येथे १९७६ मध्ये लोक बिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा सुरू झाली, तेव्हा प्रकल्प चालवणाऱ्या प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या डॉक्टर दांपत्याने स्वतः माडिया शिकून घेतली होती. दवाखाना असो वा वर्ग, त्यावाचून संवादच अशक्य होता. जे कार्यकर्त्यांनी गरज म्हणून केले ते बदलीवर येणाऱ्या शिक्षकाकडून व्यवस्थेने कधी सक्तीने मागितले नाही, आणि या प्रदेशातील शैक्षणिक अपयशाचा मोठा वाटा इंग्रजी सुरू करण्याच्या वयापेक्षा या न मागण्यात आहे.

या पार्श्वभूमीवर २००० चा निर्णय पाहिला तर त्याचे दोन परस्परविरोधी अर्थ निघतात. माडिया मुलाला मराठीही परकीच असेल, तर ‘आधी मराठी, मग इंग्रजी’ या आग्रहाला मातृभाषेचा आधार उरत नाही, आणि अनेक आदिवासी पालकांनी नेमके हेच ओळखून इंग्रजी मागितले. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची ‘नामांकित’ योजना, जिच्यात आदिवासी मुलांना सरकारी खर्चाने इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत घातले जाते, याच मागणीवर उभी आहे. तरीही दोन परक्या भाषा सारख्या अंतरावर नसतात. मराठी आठवडी बाजारात, एसटीत, तलाठ्याच्या दप्तरात कानावर पडते. इंग्रजी मात्र पुस्तकाच्या पानाबाहेर भेटत नाही, आणि द्विशिक्षकी शाळेत, जिथे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, ते पान वाचून दाखवणाऱ्याचाच उच्चार डळमळीत असतो. जपानमध्येही वर्गशिक्षकाला इंग्रजी कितपत येते यावरूनच वाद पेटला होता; तिथे २०११ मध्ये पाचवी-सहावीला इंग्रजीचा परिचय सक्तीचा झाला आणि २०२० मध्ये त्याच वर्गांना तो रीतसर विषय होऊन परिचय तिसरीपर्यंत खाली आला. तिथल्या बहुतेक मुलांची घरची आणि शाळेची भाषा एकच असताना त्या देशाने इतकी सावध पावले टाकली. महाराष्ट्राने पाचवीवरून थेट पहिलीवर उडी घेतली, तीही मारलवाईसारखा पूल न बांधता.

शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात शक्यतोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे २००९ पासून लिहिलेले आहे. त्याच कायद्याने मान्यतेवाचून शाळा चालवण्यास मनाईही केली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा या दोन तरतुदी समोरासमोर आल्या: शिक्षण विभागाने २०२२ मध्ये अनधिकृत शाळा म्हणून नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. पुढे १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या सगळ्या गदारोळात ‘तिसरी’ हा शब्द मराठी आणि इंग्रजीपासून मोजलेला होता. एटापल्लीच्या पाड्यावर तीच भाषा चौथी ठरते. मोहगावच्या शाळेत मोजणी गोंडीपासून सुरू होते, आणि ती शाळा चालवणाऱ्या ग्रामसभेने मराठी वगळली नाही तशी इंग्रजीही वगळलेली नाही.