डोहाळे आणि धास्ती

सातव्या महिन्यात आपल्याकडे डोहाळजेवण होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा; झाकलेल्या दोन वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी, यावर थट्टामस्करी. काय खावेसे वाटते, हे गर्भिणीला पुन्हा पुन्हा विचारले जाते. तिला कशाची भीती वाटते, हे विचारणारा विधी मात्र आमच्या पाहण्यात नाही.

नववा महिना लागला की तिची झोप उडते, ती केवळ पोटातल्या हालचालींनी नव्हे. आपण यातून पार पडू ना, आणि पार पडलो तरी हे शरीर पुन्हा आपले वाटेल ना, असे दोन प्रश्न तिला छळत असतात. पहिल्याला घरात निदान सहानुभूती मिळते. दुसरा उच्चारला, की ‘आई व्हायला निघालीस आणि आरशाची कसली काळजी?’ असे उत्तर येते. हा दुसरा प्रश्न सिनेमाने आणि जाहिरातींनी शिकवला, पूर्वीच्या बायकांना तो पडतच नव्हता, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत इतिहासाच्या कसोटीवर उतरते का, ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

पहिल्या भीतीचा इतिहास आपल्या भाषेतच जपलेला आहे. बाई बाळंत झाली की ‘सुखरूप सुटली’, ‘मोकळी झाली’ असे आपण म्हणतो. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, हे तर घरोघरी ऐकू येणारे वाक्य. संकटातून निसटलेल्या माणसाविषयी वापरावे तसे हे शब्द आहेत. उघडपणे न बोललेली धास्ती अशी क्रियापदांत शिरून बसली.

दुसऱ्या भीतीसाठी बरेच मागे जावे लागते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय गर्भिणी आणि सूतिका यांच्याविषयी विस्ताराने बोलतो. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार तयार करावे आणि गर्भिणीच्या भोवती अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे औषधांइतकीच धीराचीही तरतूद आहे. त्याच अध्यायात ‘किक्किस’ नावाच्या विकाराचा उल्लेख येतो. पोट वाढताना त्वचेला खाज सुटते आणि तिच्यावर भेगांसारखे वण उमटतात, तो हा विकार. गर्भाला केस फुटल्यामुळे आईला दाह होतो, असे स्त्रिया म्हणतात, हे ग्रंथकार नोंदवतो. आत्रेयाला ते मान्य नाही, हेही सांगतो. पुढे तो पोटाला लावायचे लेप सुचवतो आणि बजावतो की खाजवू नये, कारण त्याने त्वचा फाटेल आणि विरूपता येईल.

हा ‘विरूपते’चा विचार आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. पोटावरच्या वणांची चिंता थिल्लर आहे, असे त्या प्राचीन वैद्याला वाटले नाही. जेथे जन्ममरणाचा विचार चालला आहे, त्याच अध्यायात त्याने तिलाही जागा दिली. प्रसूतीनंतर स्वच्छ, मोठ्या वस्त्राने पोट गुंडाळावे, असेही तो सांगतो; कारण पोटात वायूला अवकाश मिळू नये. आपल्या घरांतून जुन्या सुती लुगड्याने पोट बांधण्याची जी रीत आहे, ती याच विचाराशी जुळणारी आहे.

गर्भिणीच्या भीतीकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याचे दारुण उदाहरण १९व्या शतकातील व्हिएन्नात सापडते. तेथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने कितीतरी अधिक बायका मरत. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होते आणि ‘पहिल्या विभागात घालू नका’ म्हणून त्या हातापाया पडत. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने कारण शोधले: शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीला लागत होते. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे त्याने सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. बायकांच्या ज्या भीतीला अडाणीपणा म्हणता आले असते, ती मुळात अनुभवातून आलेली अचूक माहिती होती.

आपल्याकडे ही माहिती एका मुलीने स्वतःच्या देहावर सोसून मिळवली. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होते. १८८६ साली फिलाडेल्फियात त्यांनी डॉक्टरची पदवी मिळवली, तेव्हा प्रबंधासाठी विषय निवडला होता आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्याच वर्षी मुंबईत खास स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, आनंदीबाई गेल्या.

तेव्हापासून पहिल्या भीतीचे बळ खूपच कमी झाले आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत होते, तर महाराष्ट्रात ३३. हे आकडे लहान असले तरी शून्य नाहीत, म्हणून आजच्या गर्भिणीची धास्ती निराधार ठरत नाही. दुसरी भीती मात्र वाढलेली दिसते. पूर्वी डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांनी बाळंतीण ‘भरली’ की ते कौतुक असे. आता तेच भरणे ‘पोट सुटले’ या शब्दांत मोजले जाते. जे क्रियापद तिच्या सुटकेसाठी होते, ते तिच्या दोषासाठी वापरले जाऊ लागले. पोट बांधण्याचा पट्टा राहिला, पण वायूची जागा आरशाने घेतली. चिंता जुनीच आहे. तिच्यावर नजर ठेवणारे डोळे तेवढे वाढले.

१९८७ साली एडिंबरोमध्ये बाळंतिणींच्या मनःस्थितीची पारख करण्यासाठी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. त्यातला एक प्रश्न थेट भीतीविषयी आहे. शास्त्राला तो विचारावासा वाटला, ही मोठीच गोष्ट. पण प्रश्नावलीची वाट कशाला पाहावी? डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी त्या रात्री जागून काढलेल्या असतात. पेढा-बर्फीचा खेळ संपल्यावर त्यांतल्या एखादीने झोपाळ्यावरच्या मुलीजवळ बसावे, ‘तुला कशाची धास्ती वाटते गं?’ असे विचारावे आणि ती आरशाविषयी बोलली तरी हसू नये. चरकाने सूतिकागारात जमवायला सांगितलेल्या त्या मायाळू बायकांकडून याहून निराळी अपेक्षा नव्हती.