थीटमारच्या बखरीची अस्सल प्रत

मेर्जेबुर्गचा बिशप थीटमार यानें इ. स. १०१२ ते १०१८ च्या दरम्यान लिहिलेल्या लॅटिन बखरीचा परिचय आम्ही येथें करून देतों. जर्मनींतील हा धर्मप्रांत ९६८ त स्थापन झाला. ९८१ त तेथील बिशप गिझिलर मागडेबुर्गच्या आर्चबिशपपदावर चढला आणि मागें धर्मप्रांतच मोडला. १००४ त राजा दुसरा हेन्री यानें तो पुन्हां उभारला. थीटमार १००९ त गादीवर आला. बखरीचे आठही भाग राजांच्या कारकीर्दी सांगतात खरे. पण आंतून ती बुडालेल्या वतनाची कैफियतच आहे. सबब गिझिलरविषयींचा तींतील मजकूर पारखूनच घ्यावा.

ड्रेस्डेन येथील पोथीचें मोल याहून निराळें. लेखनिकांनीं उतरलेल्या मजकुरांत थीटमारनें स्वहस्तें दुरुस्त्या केल्या, भर घातली. कर्त्याचा हात फिरलेली बखर किती विरळा, हें आमच्या वाचकांस सांगणें नको! १९४५ त शहरावर बाँबवर्षाव झाला. त्या आपत्तींत पाणी लागून पोथी फार बिघडली. बाराव्या शतकांत कोर्वाई मठांत सिद्ध झालेला पाठ आहे, परंतु त्यांत फेरफार आहेत. सुदैवानें १९०५ तच पोथीची छायाचित्रित प्रतिकृति प्रसिद्ध झाली होती. पुसट पृष्ठांचें वाचन आतां तिच्यावरूनच करावें लागतें.