एकाच रॉकेलचे दोन भाव

‘रॉकेल’ हा शब्द बहुतेक आपल्या पिढीबरोबरच संपणार. ‘रॉक ऑइल’चा हा मराठी अवतार, आणि त्याचा जुळा भाऊ ‘घासलेट’ आला ‘गॅसलाइट’वरून. स्टोव्हला पिन मारणं, कंदिलाची काच राखेने पुसणं, रेशनच्या दुकानासमोर डबे ओळीत मांडून ठेवणं ही सगळी कामं आपल्या आई-आज्यांनी केलेली. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी रॉकेल कधी हातातही धरलं नसेल.

पण मंडळी, कित्येक दशकं या देशात इंधन महागलं की सरकार गरिबाच्या घरासाठी मुख्यतः एकच गोष्ट करायचं: रॉकेल स्वस्त ठेवायचं. वरवर इतकी सरळ दिसणारी ही गोष्ट पुढे किती वाकडी झाली, आणि ती सरळ करायला गेल्यावर नवीन काय झालं, त्याची ही कहाणी. ती आपल्या व्यवसायाला फार जवळची आहे, कारण हा मूळचा डिझाइनचाच प्रश्न आहे.

सुरुवात १९७३ पासून करू. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बाराच्या जवळ गेलं. महाराष्ट्रात तर १९७२ च्या दुष्काळाने आधीच कंबरडं मोडलं होतं. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन आणि थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. साखर, तेल, धान्य आणि रॉकेल रास्त भावात मिळालं पाहिजे, ही मागणी. ‘लाटणे मोर्चा’ हा शब्द तेव्हापासून मराठीत कायमचा राहिला. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे: रॉकेलचा भाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेला असायचा. वाढला की सगळ्यांना एकाच दिवशी दिसायचा आणि सगळ्या एकाच दिवशी चिडायच्या.

सरकारने काढलेला मार्ग त्या काळाला धरूनच होता. तेल कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं (१९७४ मध्ये एस्सो, १९७६ मध्ये बर्मा शेल), आणि सगळे भाव दिल्लीत ठरू लागले. पेट्रोल म्हणजे गाडीवाल्यांचं, ते महाग ठेवायचं. रॉकेल म्हणजे चुलीचं आणि दिव्याचं, ते स्वस्त. एकीकडचा पैसा दुसरीकडे वळवायला ‘ऑइल पूल अकाउंट’ नावाचं खातं होतं.

स्वयंपाकाचा गॅसही याच स्वस्ताईच्या छत्रीखाली आला. मुंबईत बर्मा शेलने १९५५ मध्येच ‘बर्शेन’ नावाने गॅस विकायला सुरुवात केली होती. पण गॅसचा ‘नंबर लागणं’ ही पुढे अनेक वर्षं घरातली मोठी बातमी असायची. खासदारांना कनेक्शनं वाटायचा कोटा असायचा, यावरून काय ते समजा. म्हणजे गॅसवरची सबसिडी मुख्यतः कुणाला मिळाली? ज्यांचा नंबर लागला त्यांना, म्हणजे शहरी मध्यमवर्गाला. आपल्याच घरांना की!

आता रॉकेलचं गणित बघा. डिझेलच्या इंजिनाला रॉकेल चालतं. पूर्ण नाही, पण मिसळून बऱ्यापैकी चालतं. २००२ मध्ये सरकारने भावनियंत्रणाची जुनी पद्धत अधिकृतपणे मोडीत काढली, तरी रेशनचं रॉकेल आणि घरगुती गॅस त्यातून वगळले. पुढची काही वर्षं रेशनचं रॉकेल नऊ रुपये लिटरच्या आसपासच थांबून राहिलं. डिझेल मात्र चढत चाळिशीकडे गेलं. म्हणजे एक टँकर रेशनच्या रस्त्यावरून वळवून डिझेलमध्ये ओतला, की लिटरमागे वीस-पंचवीस रुपये खिशात. यात ना कारखाना लागतो, ना कौशल्य. फक्त टँकरचा रस्ता बदलायचा.

‘एनसीएईआर’ या संस्थेने २००५ मध्ये केलेल्या पाहणीत रेशनचं सुमारे ३८ टक्के रॉकेल भलतीकडे जातं असं दिसलं. आपल्या एखाद्या सिस्टिममधून दर शंभर पॅकेटांपैकी अडतीस गायब होऊ लागली, तर आपण काय म्हणू? कुणीतरी एक माणूस वाईट आहे असं नाही म्हणणार. डिझाइन चुकलंय म्हणू.

सरकारने पॅच मारले. रेशनच्या रॉकेलमध्ये निळा रंग घातला, म्हणजे भेसळ ओळखता यावी. रंग काढता येतो हे धंद्यातल्यांना कळायला वेळ लागला नाही. मग २००६ मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक रसायन, ‘मार्कर’, आणलं. तेही काढता येतं असं निघालं आणि २००८ संपताना ते बंद झालं. वीस रुपयांचा फरक जागच्या जागी होता, तोवर प्रत्येक पॅचला तोड निघणारच होती.

या फरकाची किंमत पैशांतच मोजली गेली असती तर एक वेळ ठीक होतं. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यात षण्मुगम मंजुनाथ या इंडियन ऑइलच्या तरुण अधिकाऱ्याला गोळ्या घालून मारलं. लखनौच्या आयआयएममधून शिकलेला, वय अवघं सत्तावीस. भेसळ करणारा पंप त्याने सील केला होता. आणि आपल्याकडे, २५ जानेवारी २०११ ला, मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळीच्या संशयावरून टँकरची तपासणी सुरू केली. त्यांना तिथेच, भरदिवसा, रॉकेल ओतून जिवंत जाळलं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. त्यानंतर राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, छापे पडले, अटका झाल्या. रेशनचं रॉकेल आणि डिझेल यांच्यातला फरक मात्र दुसऱ्या दिवशीही तेवढाच होता.

गरिबाच्या घरात दिवा लागावा म्हणून आखलेल्या योजनेतून हे झालं. योजना करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही. पण एकाच वस्तूचे दोन भाव ठेवले, की मधल्या फरकावर कुणीतरी घर बांधतं, आणि मग ते घर राखायला बंदूक घेऊन बसतं.

तिकडे तिजोरीचेही हाल होते. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरला टेकलं. २००८-०९ या एका वर्षात तेल कंपन्यांना कमी भावात विकल्यामुळे आलेली तूट एक लाख कोटी रुपयांच्या वर गेली. सरकारकडे रोख नव्हती, म्हणून कंपन्यांना रोखे दिले. थोडक्यात, २००८ चा स्वस्त सिलिंडर पुढच्या करदात्यांच्या क्रेडिट कार्डावर.

मग कल्पना आली ती आपल्या क्षेत्रातून. वस्तू सगळ्यांना बाजारभावाने विका आणि मदतीचे पैसे थेट बँक खात्यात टाका. भाव एकच राहिला तर टँकर वळवून फायदा काय? नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये यासाठी कृतिदल नेमलं गेलं. डिसेंबर २०११ मध्ये राजस्थानात, अलवर जिल्ह्यातल्या कोटकासिममध्ये रॉकेलवर प्रयोग झाला. रॉकेलची विक्री सुमारे ८० टक्क्यांनी घसरली! सरकार म्हणालं, बघा, चोरी थांबली. पण लोकांशी बोलणाऱ्यांना दुसरंच चित्र दिसलं. अनेकांची खाती उघडलीच नव्हती, खाती होती तिथे पैसे वेळेवर येत नव्हते, आणि बँकेत जाऊन यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. आधी पूर्ण पैसे मोजणं परवडेना, म्हणून काही घरांनी रॉकेल घेणंच सोडलं. चोर आणि गिऱ्हाईक दोघंही गेले, तर ग्राफ सारखाच दिसतो. डॅशबोर्डवर विश्वास ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य मॉनिटरला चिकटवून ठेवावं :-)

गॅसवर मात्र ही पद्धत चालली, कारण गॅसवाल्यांकडे खाती होती. जून २०१३ मध्ये काही जिल्ह्यांत सुरुवात, २०१४ मध्ये स्थगिती, आणि १ जानेवारी २०१५ पासून ‘पहल’ नावाने देशभर. मार्च २०१५ मध्ये ‘गिव्ह इट अप’ची हाक आली आणि एक कोटीहून जास्त लोकांनी आपली सबसिडी सोडली. बचतीचे मोठमोठे आकडे जाहीर झाले. ‘कॅग’ने २०१६ मध्ये हिशेब तपासला तेव्हा बचतीचा बहुतांश भाग कच्चं तेल स्वस्त झाल्यामुळे होता, असं म्हटलं. पण एक मान्य करायला हवं: सिलिंडरच्या दोन भावांतला फरक गेला.

१ मे २०१६ ला बलियात ‘उज्ज्वला’ योजना सुरू झाली आणि गॅस पहिल्यांदा खरोखर गरीब घरात पोचला. आठ कोटीवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) दिलं गेलं. त्याच काळात रॉकेलचा भाव दर पंधरवड्याला पंचवीस पैशांनी वाढत होता. इतका हळू, की मोर्चा काढावा असा दिवसच येऊ नये. २०२० पर्यंत रॉकेलवरची सबसिडी संपली.

आणि आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली पाटी. मे २०२० मध्ये तेल कोसळलं, बाजारभाव सबसिडीच्या भावाइतकाच खाली आला, आणि बहुतेक खात्यांत जमा होणारी रक्कम शून्य झाली. तर्काला धरूनच होतं. पण मग भाव परत चढले. मुंबईत जुलै २०२० मध्ये ५९४ रुपयांचा सिलिंडर जुलै २०२२ मध्ये १०५२ रुपये ५० पैशांना गेला, आणि शून्य शून्यच राहिलं. उज्ज्वलाच्या घरांना २०० रुपयांची मदत मिळाली ती मे २०२२ मध्ये. ती पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० झाली. मधल्या दोन वर्षांत कुठल्याही दुकानाची पाटी बदलली नाही. सबसिडी बंद अशी मोठी घोषणा नाही. फक्त एक एसएमएस यायचा, तो यायचा थांबला. लाटणं घेऊन जाणार कुठे, सर्व्हरवर?

उज्ज्वलाचं घर २०२१-२२ मध्ये वर्षाला सरासरी चारपेक्षाही कमी सिलिंडर भरून घेत होतं. इतर घरांत साधारण सहा-सात लागतात. उरलेल्या दिवसांचा स्वयंपाक कशावर झाला, ते सांगायला नको. सरपण आणि शेणी अजून संपलेल्या नाहीत.

मग काय, जुनी पद्धत बरी होती? मुळीच नाही. पानेवाडीनंतर ते म्हणणं शक्य नाही. पैसे थेट खात्यात जाणं हेच बरोबर आहे असं माझं मत अजूनही आहे. पण जुन्या पद्धतीत चोरी व्हायची ती टँकरमधून, आणि तिला पकडायला निदान कुणीतरी जाऊ शकत होतं. नव्या पद्धतीत मदत आटते ती एका आकड्याने, आणि तो आकडा कधी, कुठल्या नियमाने बदलेल हे घरातल्या बाईला आधी कळायची सोय नाही. नियम लिहून ठेवायला काय हरकत आहे? भाव इतका झाला की मदत इतकी, आपोआप. आपण पगारातल्या महागाई भत्त्याला हा न्याय लावतोच की. सिलिंडरला का नाही?

आज घरी फोन कराल तेव्हा विचारून बघा, रॉकेल शेवटचं कधी आणलं होतं आणि लिटरला किती पडलं होतं. भाव बिनचूक आठवतो की नाही बघा. मग आपल्या खात्यात शेवटची सबसिडी कधी आली ते आठवा.