उघडझाप करणारा पिवळा दिवा

आमच्या एका सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षे वापरलेली मोटार विकत घेतली. घेताना सगळे ठीक दिसत होते. तिसऱ्या दिवशी घाटात चढण लागताच गाडी धक्के देऊ लागली आणि समोर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा उघडझाप करू लागला. गॅरेजवाल्याने 'मिसिंग मारतेय' एवढे निदान नुसत्या कानाने केले. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये त्याने मुठीएवढे स्कॅनर जोडले आणि पडद्यावरचा आकडा वाचला : पी ०३०३. "सर, तीन नंबरचा सिलिंडर."

सहकारी विज्ञान शिकवतात. बंद सिलिंडरमध्ये इंधन पेटले की नाही, हे गाडीला कळते कसे, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मला अधिक आवडला. टायर गुळगुळीत झाले तरी हा दिवा लागत नाही, क्लच संपत आला तरी लागत नाही. मग नेमकी याच गोष्टीची एवढी काळजी कोणाला? उत्तरासाठी लॉस एंजेलिस शहराच्या हवेपर्यंत मागे जावे लागते.

१९४३ च्या जुलै महिन्यात तेथे भरदिवसा असे धुरके पसरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. युद्धाचे दिवस होते; शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका काहींना आली. संशय कृत्रिम रबराच्या कच्च्या मालाच्या एका कारखान्यावर गेला. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुरके हटले नाही. कोडे सोडवले ते आरी हागेन-स्मित या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत तो अननसाचा स्वाद कोणत्या रसायनांमुळे येतो याचा अभ्यास करीत होता. तेच कौशल्य त्याने शहराच्या हवेसाठी वापरले. गाड्यांतून आणि तेल शुद्धीकरण कारखान्यांतून निसटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो, असे त्याने १९५० च्या सुमारास दाखवले. वाकवलेल्या रबराच्या पट्टीला किती लवकर चिरा पडतात यावरून ओझोनचा अंदाज घेण्याची साधी युक्तीही तेव्हा वापरात होती. न जळता बाहेर पडणारे पेट्रोल हे केवळ मालकाच्या खिशाचे नुकसान नसून शहराच्या फुप्फुसांचेही आहे, ही गोष्ट तेव्हापासून पक्की झाली. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापले, तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष हागेन-स्मितच झाला.

अमेरिकेने १९७० साली कडक कायदा केला आणि १९७५ च्या बहुतेक नव्या गाड्यांच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीसदृश वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म थर असतो. इंजिनातून उरलेसुरले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड तेथे ऑक्सिजनशी संयोग पावतात. पेट्रोलमधील शिशाने हा थर निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना असा कन्व्हर्टर १९९५ च्या एप्रिलपासून सक्तीचा झाला.

पण कारखान्यातून निघताना स्वच्छ असलेली गाडी पाच-सात वर्षांनी स्वच्छ राहते का? मालकाला ते कळण्याचा मार्गच नव्हता. धूर घाण झाला तरी गाडी पळते. म्हणून कॅलिफोर्नियाने गाडीतच पहारेकरी बसवायचे ठरवले. १९८८ च्या गाड्यांपासून इंजिनाच्या संगणकाने काही मोजक्या भागांवर नजर ठेवून बिघाड होताच दिवा लावावा, असा नियम झाला. म्हणजे हा दिवा मुळात जुन्या होत जाणाऱ्या गाड्यांसाठीच जन्माला आला, असे म्हणायला हरकत नाही. त्या काळी प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा निराळी. जनरल मोटर्सच्या गाड्यांत सॉकेटमधील दोन टोके तारेने जोडली की दिवा एकदा लुकलुके, थांबे, मग दोनदा लुकलुके. याचा अर्थ १२. मेकॅनिक वही घेऊन लुकलुकणे मोजत बसे.

पुढचा नियम १९८९ साली संमत झाला, आणि १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झाला. सोळा टोकांचे एकच सॉकेट आणि बहुतेक बिघाडांना समान क्रमांक आले. अभियंत्यांची झोप मात्र उडवली ती एका नव्या अटीने : इंधन न पेटणे संगणकाने ओळखले पाहिजे, आणि कोणत्या सिलिंडरमध्ये तेही.

ही अट का, ते कन्व्हर्टरकडे पाहिले की उमगते. ठिणगी चुकली की सिलिंडरमधील पेट्रोल आणि हवा दोन्ही तशीच बाहेर पडतात आणि तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतात. तापमान भराभर हजार अंशांकडे जाते, धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, वीट वितळू किंवा तुटू लागते. त्यातच नळीतील ऑक्सिजन-संवेदक फसतो. न वापरलेला ऑक्सिजन पाहून त्याला वाटते की पेट्रोल कमी पडते आहे, आणि संगणक आणखी पेट्रोल सोडतो! म्हणून नियमाने भेद केला : धूर मर्यादेबाहेर जाईल असा दोष असेल तर दिवा स्थिर लागावा, कन्व्हर्टर जळण्याचा धोका असेल तर त्याने उघडझाप करावी. उघडझाप म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, जमले तर गाडी थांबवा.

आता पहिला प्रश्न. सिलिंडरमध्ये कोणी डोकावत नाही. क्रँकशाफ्टला एक दातेरी चक्र असते आणि शेजारचा संवेदक दाते मोजतो. बऱ्याच गाड्यांत साठ दात्यांची जागा असून दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या फटीवरून चक्राची स्थिती कळते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात आणि दर अर्ध्या फेऱ्याला, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, एक सिलिंडर धक्का देतो. एखादा धक्का चुकला की तो अर्धा फेरा किंचित लांबतो. संगणक हा किंचित उशीर मोजतो आणि पाळी कोणाची होती ते पाहतो. वर्गातल्या हजेरीसारखेच, कोणाच्या नावाला 'हजर' आले नाही, एवढे त्याला कळते. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे हिसके क्रँकशाफ्टपर्यंत पोचतात आणि तेथेही उशीर दिसतो! म्हणून रस्ता खडबडीत असेल तेव्हा ही मोजणी थांबवण्याची सोय अनेक गाड्यांत करावी लागली.

भारतात हे सगळे टप्प्याटप्प्याने, २०१० आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये आले.

हजेरी लागली नाही, पण का? ते संगणक सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, गळका व्हॉल्व्ह, काहीही असेल. पूर्वीचे मेकॅनिक चालू इंजिनाच्या प्लगची वायर एकेक करून काढत. जी काढल्याने आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. आमच्या गॅरेजवाल्याने केले तेही त्याच जातीचे. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर, बाकी कशालाही हात लावला नाही. फेरी मारून आल्यावर आकडा निघाला पी ०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला! आठवीच्या वर्गात 'एका वेळी एकच घटक बदला' हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मग विकत घेताना दिवा का नव्हता? स्कॅनरने स्मृती पुसली की दिवा विझतो. पण पुसल्यावर संगणकाच्या स्वतःच्या काही चाचण्याही 'अपूर्ण' दिसू लागतात, आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवस गाडी चालावी लागते. जुनी गाडी घेताना स्कॅनरवर हे पाहता येते. त्याआधीची फुकटची परीक्षा म्हणजे चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. पिवळा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर कोणीतरी तो बंद पाडलेला असू शकतो.

नव्या कॉइलने धक्के थांबले. पण गाडीखाली हाताने ठोकल्यावर कन्व्हर्टरमधून तुकड्यांचा खुळखुळाट आला. गॅरेजवाला म्हणाला, "आतलं जाळं काढून टाकू सर, सगळे तसंच करतात." सहकाऱ्यांनी विचारले, "मग दिवा?" कन्व्हर्टरच्या पुढेही एक ऑक्सिजन-संवेदक असतो, वीट काम करीत नाही हे त्याला कळते. गॅरेजवाल्याकडे त्यालाही चकवण्याचा उपाय होता. सहकाऱ्यांनी नको म्हटले. नव्या कन्व्हर्टरची किंमत कॉइलच्या कित्येक पट आहे. पैसे जमेपर्यंत गाडी दारात उभी आहे, आणि ते आमच्याबरोबर बसने येतात.