क्लाउडवरील ॲप्लिकेशनची चाचणी (पिंपरी-चिंचवड व चाकण)

डेटाबेस आणि फाइलींची साठवण स्वतःच्या सर्व्हरवर न ठेवता क्लाउड सेवेकडून भाड्याने घेणाऱ्या ॲप्लिकेशनची तपासणी. पिंपरी, भोसरी, तळवडे आणि चाकणच्या पट्ट्यात साठा, गुणवत्ता-तपासणी, हजेरी आणि डिस्पॅचसाठी अशी ॲप्लिकेशन वापरतात. टाटा मोटर्स, बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन यांसारख्या मोठ्या कारखान्यांना ठरलेल्या वेळी माल पोचवणारे असंख्य छोटे पुरवठादार येथे आहेत. नोंद अडली की गाडी गेटवरच थांबते. म्हणून येथे चाचणीची सुरुवात कोडपासून न करता गेटपासून करणे योग्य ठरते.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ॲझ्युरची पुणे, मुंबई व चेन्नई केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये आणि गूगलचे २०१७ मध्ये आले. त्याआधी अनेकांना सिंगापूरच्या केंद्रांचा आधार होता. केंद्र जवळ आल्याने विनंती जाऊन येण्याचा वेळ घटला, पण मध्येच लाइन तुटण्याची शक्यता तशीच राहिली.

या तुटण्याचा परिणाम ई-इनव्हॉइसमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. पाच कोटी रुपयांवर वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील विक्रीसाठी तो १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. ॲप्लिकेशन इनव्हॉइस सरकारी पोर्टलकडे पाठवते, पोर्टल ६४ अक्षरी आयआरएन (इनव्हॉइसचा संदर्भ क्रमांक) व क्यूआर कोड परत देते, मग प्रिंट निघते. विनंती पोचली पण उत्तर येण्याआधी नेट गेले तर ॲप्लिकेशन तीच विनंती पुन्हा पाठवते. आयआरएन हा पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, त्याचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून बनतो, त्यामुळे पोर्टल दुसरी विनंती दुबार म्हणून नाकारते. कारखान्याच्या स्वतःच्या साठ्याच्या तक्त्याला मात्र असे संरक्षण आपोआप मिळत नाही. तेथे एकाच ट्रॉलीचा माल दोनदा वजा होतो आणि महिनाअखेरच्या मोजणीत तफावत येते. यासाठी उत्तर येण्याच्या नेमक्या क्षणी नेट तोडून साठा एकदाच कमी झाला का, हे पाहावे लागते. पोर्टलची बाजू तपासायला एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेने सँडबॉक्स, म्हणजे चाचणीचे वेगळे पोर्टल, दिलेला आहे. साठ्याची बाजू ज्याची त्याने तपासायची.

वेळेची चूक याहून जास्त लपून राहते. क्लाउडवरील डेटाबेस बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. त्यामुळे त्यांची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते, म्हणजे तिसरी शिफ्ट चालू असताना. अहवाल यूटीसी तारखेवर बेतला असेल तर एका शिफ्टचे उत्पादन दोन दिवसांत विभागले जाते. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता केलेले इनव्हॉइस ३१ मार्चचे ठरले, तर आर्थिक वर्षच चुकते. पहाटे ५.२९ आणि ५.३१ च्या दोन नोंदी घालून हा दोष चटकन पकडता येतो. दिवसा ऑफिसात बसून केलेल्या चाचणीत तो सहसा दिसत नाही.

डेव्हलपरच्या मशीनवर डायनॅमोडीबी लोकल, ॲझ्युराइट, लोकलस्टॅक, मिनिओ अशी साधने क्लाउडच्या जागी चालवतात. ती स्वस्त आणि झटपट आहेत, कोडमधील साध्या चुकांसाठी पुरेशी आहेत. पण ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी डेटाबेसची स्थानिक आवृत्ती, डायनॅमोडीबी लोकल, वाचन-लेखनाची ठरवून दिलेली मर्यादा पाळत नाही. शिफ्ट बदलताना सगळे हँडहेल्ड एकदम स्कॅन करू लागल्यावर खरी सेवा विनंत्या नाकारू शकते, ते येथे दिसतच नाही. शिवाय डायनॅमोडीबी मुळात नुकत्याच केलेल्या बदलाआधीची नोंदही वाचून देऊ शकते. लोकलचा वेग इतका असतो की हा फरक क्वचितच जाणवतो. ॲमेझॉनच्या एस-३ साठवणीतही डिसेंबर २०२० पर्यंत बदललेल्या फाइलची जुनी प्रत मिळू शकत असे. म्हणून भाराची आणि नेट तुटण्याची चाचणी खऱ्या सेवेवरच, वेगळ्या खात्यात करावी. तिचे बिल येते, आणि तो खर्च अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

वाहनांच्या ट्रॅकरची अडचण क्रमाची आहे. एआरएआयसारख्या वाहन-तपासणी संस्था ज्या एआयएस-१४० मानकानुसार ही उपकरणे तपासतात, त्यात नेटवर्क नसताना किमान ४०,००० नोंदी जपण्याची अट आहे. नेटवर्क आल्यावर या जुन्या नोंदी ताज्या नोंदींच्या मागून येतात. डेटाबेसने पोचण्याच्या वेळेनुसार क्रम लावला तर गाडी नकाशावर उलटी धावते.

सर्वांत दुर्लक्षित भाग रिस्टोरचा, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत चढवण्याचा. गिटलॅब कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी मूळ डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअप ज्या एस-३ साठवणीत जमा होत असल्याचे सर्वजण धरून चालले होते, ती रिकामी निघाली. बॅकअपच्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी न जुळल्याने बॅकअपचा आदेश अयशस्वी होत होता, आणि तसे कळवणारे ईमेल कोणापर्यंत पोचत नव्हते. चाचणीच्या सर्व्हरसाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या प्रतीमुळे त्याआधीचा डेटा वाचला. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी बॅकअप रिकाम्या डेटाबेसवर चढवून नोंदी मोजता येतात आणि किती वेळ लागला हेही समजते. चढवलेल्या प्रतीत कामगारांची हजेरी व बँक तपशील असल्यास तिच्यावर पुढची चाचणी चालवण्यापूर्वी नावे आणि क्रमांक बदलणे आवश्यक आहे. वैयक्तिक डिजिटल डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे.