डालग्याखालची कोंबडी

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण हटकून राजकारणावर बोलताना वापरतो. पण ती आली रोजच्या एका कामातून. दिवस मावळला की कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या आणि वर दगड ठेवायचा, हे ते काम. बुलडाणा जिल्ह्यातल्या जानेफळसारख्या गावात ज्या घरी गावरान कोंबड्या असतात, तिथं ते कुणाला शिकवावं लागत नाही.

आता झाकायचं कशासाठी? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. थायलंडमध्ये बान नॉन वाट इथं सापडलेली इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातली हाडं ही पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं, असं संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. शेतातल्या दाण्यांच्या ओढीनं रानकोंबडी माणसाजवळ आली, असं हे संशोधक म्हणतात. म्हणजे आपण तिला आणण्यापेक्षा तीच टिपत टिपत आली म्हणायची! आपल्याकडे पतंजलीनं महाभाष्यात व्याकरण समजावताना उदाहरण दिलं आहे, की गावातला कोंबडा खाऊ नये म्हटलं, की रानातला चालतो हे आपोआप कळतं. दोन हजार वर्षांपूर्वीच दोघांची घरं वेगळी झाली होती.

घर बदललं, डोळे मात्र तेच राहिले. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. रानात ती उंच फांदीवर बसून रात्र काढते. अंगणात फांदी नाही, म्हणून अंधार पडायच्या आत ती आपणहून खुराड्यात शिरते. माणसानं फक्त दार लावायचं. ते राहिलं तर ती जागची हलतही नाही, आणि येणाऱ्याचं काम सोपं होतं.

येणारेही नाना तऱ्हेचे. मुंगूस दिवसाचा चोर. रात्री रानमांजर, कोल्हा. घूस खालून उकरते, सापाला अंडी आणि पिलं हवी असतात. वऱ्हाडात यावर उपाय घरच्या सामानाचाच होता. पऱ्हाट्या-तुराट्यांचा कूड शेणमातीनं लिंपायचा, खाली दगड बसवायचे, तोंडाला फरशी लावायची. बुरुडाचं डालगं हलकं आणि हवेशीर, पण त्यावरचा दगड हलका असला तर कुत्रंही ते उलथून टाकतं. पुढं तारेची जाळी आली. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बार्नर्डनं १८४४ मध्ये ती काढली. ही षट्‌कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण रानमांजराला बाहेर ठेवेलच असं नाही. त्याला बारीक घरांची, जाड तारेची चौकोनी जाळीच लागते.

या सगळ्यात दार लावणारा हात बहुधा बाईचा. अंड्यांचे पैसे तिचे; त्यातून मीठ-मिरची, बांगड्या, पोरांच्या वह्या. खुराड्यात शिरलेलं जनावर खातं एक आणि मारतं अनेक. एका रात्रीत तिची सगळी पुंजी जाते, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, मार्चमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत तो पोचला आणि परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. त्या चोराला डालगं पुरणारं नव्हतं.

बाकीच्यांना मात्र आजही ते पुरतं. १९७२ च्या कायद्यानं रानमांजर, मुंगूस यांना संरक्षण आहे. विष घालणं, फास लावणं गुन्हा आहे. तेव्हा दार हाच उपाय. अडचण वेळेची. डिसेंबरात इकडं पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि हेच दिवस कापूस वेचणीचे. घरची बाई अजून शेतातून परतलेली नसते. कोंबड्या तर सूर्य बघून आत शिरलेल्या असतात. तेव्हा मोजायचं आणि दार लावायचं काम म्हातारीकडे नाहीतर शाळेतून आलेल्या पोरीकडे येतं.