राजमार्ग कीं पागा?

शहराचा इतिहास आपण बहुधा त्याच्या वाड्यांवरून आणि देवळांवरून वाचतों. वाडा कोणीं बांधला, देऊळ कोणीं उभारलें, हें शाळेंतील मुलासही सांगतां येतें. परंतु त्या वाड्यापासून त्या देवळापर्यंत सामान्य माणूस कसा चालत गेला, वाटेंत त्याची अडवणूक झाली काय, आणि झाली तर त्यानें कोणाकडे दाद मागितली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः नागरिक आणि सत्ता यांची रोजची गांठ वाड्यांत पडत नाहीं. ती रस्त्यांत पडते. शनिवार पेठेंत राहणारास तरी हें निराळें सांगावयास नको.

ही पेठ पुण्याच्या अगदीं जुन्या वस्त्यांपैकीं एक. मुर्तजाबाद हें तिचें पूर्वींचें नांव. पहिल्या बाजीरावानें १७३० सालीं शनिवारवाड्याचें काम सुरू केलें आणि १७३२ मध्यें त्याची वास्तुशांत झाली. पेशव्यांच्या आश्रयानें पुढें या बाजूस सरदार, कारकून, सावकार, भिक्षुक यांचीं घरें दाटीनें उभीं राहिलीं. नदीकांठीं ओंकारेश्वराचें देऊळ झालें. गल्ल्या पडल्या त्या पादचारी, पालखी आणि फार तर एखादी बैलगाडी यांच्या मापानें. त्या काळीं पुण्यांत घोडे थोडे नव्हते; परंतु सरदाराचा घोडा सरदाराच्या पागेंत बांधला जाई. स्वारी संपली कीं जनावर आवारांत न्यावयाचें, त्याच्या जागेची आणि दाणावैरणीची सोय धन्यानें आपल्या खर्चानें करावयाची, ही गोष्ट गृहीतच होती. तथापि तंटे होतच. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत पुण्याच्या कोतवालास जीं कामें नेमून दिलेलीं होतीं, त्यांत रस्ते, गल्ल्या आणि घरें यांविषयींचे तंटे तोडणें हेंही एक होतें. पण कोतवालाकडे मागावयाची ती दाद होती, हक्क नव्हे. धनी भला असला तर न्याय मिळे. घाशीराम असला तर काय होई, तें १७९१ सालच्या त्याच्या भीषण अंतावरून ओळखावें.

इंग्रजी अमदानींत या दाद मागण्याचें स्वरूप पालटलें. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यान्वयें सार्वजनिक रस्ते करणें, दुरुस्त करणें, झाडणें, त्यांवर दिवे लावणें, गटारें व तळीं राखणें यांसाठीं गांवोगांव नगरपालिका स्थापण्याची सोय झाली. या कायद्यांतील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. रहिवाश्यांनीं अर्ज करावा आणि मग तो कायदा त्यांच्या गांवास लागू व्हावा, अशी ती होती. प्रत्यक्षांत अधिकाऱ्याची इच्छा हीच पुष्कळदां रहिवाश्यांची इच्छा ठरे, हें खरें; परंतु तत्त्व तें तत्त्वच. पुण्याची नगरपालिका या कायद्याखालीं १८५७-५८ च्या सुमारास अस्तित्वांत आली. आधीं रहिवाश्यांचा अर्ज आणि मागाहून नगरपालिका, असा हा क्रम आहे. आज अर्जदार खिडकीपाशीं उभा राहिला म्हणजे आंतल्या कारकुनाच्या कपाळास आठी पडते. त्यास हा क्रम कोणी तरी सांगावयास हवा.

अर्जाची ही विद्या पुण्यानें चांगलीच कमावली. १८७० सालीं सार्वजनिक सभा निघाली, तेव्हां तिच्या सभासदानें निदान पन्नास माणसांचें मुखत्यारपत्र आणावें असा नियम होता. म्हणजे ‘मला वाटतें’ एवढ्यानें भागत नसे, ‘आम्हांस वाटतें’ असें सिद्ध करावें लागे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळांत नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठीं शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्चावे असें ठरूं लागलें, तेव्हां विरोधाचें मत देणारे ते एकटेच होते. १८८२ चा रिपनसाहेबांचा ठराव आणि १८८४ चा कायदा यांनीं लोकनियुक्त सभासदांस वाव दिला. पुढें १८९५ मध्यें टिळक नगरपालिकेवर निवडून आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं गोखले तिचे अध्यक्ष झाले. ज्यांचीं नांवें आपण देशाच्या इतिहासांत वाचतों, त्यांनीं गटारांचा आणि दिवाबत्तीचा विचार हलका मानला नाहीं.

दरम्यान रस्त्याचा भार वाढत चालला होता. १९२३ सालीं शनिवारवाड्याजवळ नवा पूल खुला झाला आणि पलीकडच्या तीराशीं पेठेचें दळणवळण वाढलें. मग सायकली आल्या. सायकल हें मोठें समजूतदार वाहन. ती वाड्याच्या दिंडींतून आंत येई आणि बोळांत भिंतीला टेकून राही. १५ फेब्रुवारी १९५० रोजीं नगरपालिकेची महापालिका झाली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें. त्या पुरानें नदीकांठच्या पेठांतील कित्येक वाडे जमीनदोस्त केले, आणि उरलेल्यांपैकीं अनेक गोठलेल्या भाड्यांनीं व दुरुस्तीच्या अभावीं हळूहळू खचले. त्यांच्या जागीं मजल्यांच्या इमारती आल्या. एका कुटुंबाच्या जागेवर दहा कुटुंबें नांदूं लागलीं, प्रत्येकाच्या दाराशीं दोन दुचाक्या आणि कोणाची मोटार आली. गल्ली मात्र पालखीच्याच मापाची राहिली. पागा नाहींशी झाली, आणि घोडा रस्त्यावर बांधला जाऊं लागला.

हें संकट एकट्या पुण्याचें नव्हे. रोम शहरांतील गर्दी इतकी वाढली कीं, ज्यूलियस सीझरच्या काळच्या कायद्यानें दिवसाचा बहुतेक वेळ मालाच्या गाड्यांस शहरांत बंदी केली. १८१२ सालीं लंडनच्या चेरिंग क्रॉसपाशीं एक गाडीवाला आपल्या प्रवासी गाड्या रस्त्यांतच उभ्या करून ठेवी. त्याच्यावर खटला झाला, तेव्हां लॉर्ड एलेनबरो या न्यायाधीशांनीं निकाल दिला कीं, राजमार्ग हा येण्याजाण्यासाठीं आहे, कोणाच्या तबेल्याचें अंगण म्हणून नव्हे. शंभर पानांच्या धोरणांतही यापेक्षां अधिक कांहीं सांगतां येईलसें वाटत नाहीं.

आणि धोरणें तर आपल्याकडेही आहेत. रस्त्यांतील अडथळे दूर करणें हें १९४९ च्या कायद्यानें महापालिकेचें अवश्य कर्तव्य ठरविलें आहे. पुणें महापालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांविषयीं आणि २०१८ सालीं वाहनें उभीं करण्याविषयीं धोरण मंजूर केलें. पहिल्यास कोणीं विरोध केला नाहीं, कारण चालणाराची बाजू तोंडानें सर्वच घेतात. दुसऱ्यास मात्र कडाडून विरोध झाला. कारण त्यांत रस्त्यावर ठेवलेल्या वाहनाचें भाडें मागितलें होतें.

या विरोधाचें मर्म मला आमच्याच इमारतीच्या गच्चीवर कळलें. शेजारच्या काकू संध्याकाळीं ओंकारेश्वरास निघाल्या असतां, पदपथ दुचाक्यांनीं भरलेला म्हणून रस्त्यांत उतरल्या, आणि एका भरधांव वाहनाच्या धक्क्यानें पडून त्यांचें खुब्याचें हाड मोडलें. आम्ही रहिवासी जमलों. इंग्रजी व मराठी दोन्ही लिहितां येतें म्हणून अर्जाचा मसुदा माझ्याकडे आला. बाहेरच्या लोकांच्या गाड्या आमच्या दारांतून हलवाव्या, असें मीं मोठ्या आवेशानें लिहिलें. सह्या भराभर झाल्या. तेवढ्यांत खालच्या मजल्यावरचा एक तरुण म्हणाला, “सर, सही करतों, पण काकू पडल्या तेथें त्या दिवशीं गाड्या बाहेरच्यांच्या नव्हत्या, आपल्याच होत्या.” मीं खालीं पाहिलें. माझी मोटार त्याच ओळींत उभी होती.

मसुदा मीं फाडला आणि नवा लिहिला. ‘बाहेरच्या’ हा शब्द काढून तेथें ‘आमच्यासुद्धां’ असें घातलें. सह्या निम्म्याच उरल्या. तो अर्ज घेऊन गेलों, तेव्हां एका कचेरीनें दुसरीकडे बोट दाखविलें आणि दुसरीनें पहिलीकडे. कित्येक महिन्यांनीं शाळेसमोरचा तेवढा पदपथ मोकळा झाला. माझी मोटार आतां दहा मिनिटांच्या वाटेवर, भाड्याच्या जागेंत असते. काकू काठी घेऊन चालतात. ओंकारेश्वरापर्यंत अद्याप गेलेल्या नाहींत.

१५ मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ पुण्याच्या महापालिकेंत लोकनियुक्त सभासदच नव्हते; दाद मागावयाची ती पुन्हां अधिकाऱ्याकडे, जणूं कोतवालाकडेच. ती उणीव मोठी होती, आणि तिजबद्दल बोललेंच पाहिजे. परंतु सभासद असोत वा नसोत, त्यांच्या दारीं आपण कोणता अर्ज घेऊन जातों, हा प्रश्न उरतोच. सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्रावर पन्नास सह्या लागत. आमच्या अर्जावर त्याहून कमी होत्या. तरी त्यांतील प्रत्येक सही करणारानें आपली पागा आपल्या घरीं परत नेण्याचें कबूल केलें होतें, आणि मोकळा झालेला तो पदपथ तेवढ्याच सह्यांचा आहे.